म्हातारपण आणि मुखत्यारपत्र

मराठी दौलतींत मुतालिक नांवाचा एक अधिकारी असे. धनी मोहिमेवर असो, वयानें लहान असो, कीं आजारी असो, त्याच्या नांवानें कारभार पाहण्याचा आणि शिक्का चालविण्याचा अधिकार मुतालिकाकडे जाई. मोठमोठ्या घराण्यांत या मुतालिकांचें वजन कधीं कधीं धन्याहूनहि अधिक वाढलें, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. आजच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत दौलत नाहीं आणि शिक्काहि नाहीं. तथापि एक राहती जागा असते, बँकेंत मुदतीच्या ठेवी असतात, महिन्याचें पेन्शन असतें, गांवाकडील सातबाऱ्यावर कोठें नांव लागलेलें असतें. आणि मुतालिकहि असतो. त्याला आतां मुखत्यार म्हणतात, आणि त्याच्या अधिकाराचा कागद म्हणजे मुखत्यारपत्र.

पुण्यांतील एका निवृत्त शिक्षकाची कल्पना करावी. वय एकोणऐंशी. पत्नी वारलेली, मुलगा परदेशांत, मुलगी सासरीं नागपुरास. गुडघे दुखतात, बँकेच्या पायऱ्या चढवत नाहींत. जवळच राहणारा पुतण्या कामाला तत्पर आहे. विजेचें बिल, घरपट्टी, औषधें, सगळें तोच पाहतो. एके दिवशीं तो छापलेल्या मजकुराचा एक कागद आणतो. "काका, येथें सही करा, म्हणजे तुमची धांवपळ वांचेल." काका चष्मा शोधतात, पहिल्या चार ओळी वाचतात आणि सही करतात. कागद कुलमुखत्यारपत्राचा असतो. पुढच्या पानांवर विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा, ठेवी मोडणें, कर्ज काढणें, असे सर्व अधिकार दिलेले असतात. कारण असे मसुदे सरसकट एकाच नमुन्यावरून उतरविले जातात. नोटरीचा शिक्का बसतो आणि कागद पुतण्याच्या कपाटांत जातो.

चार वर्षांनीं काकांना विस्मृति जडते. अमुक दिवशीं जडली असें कोणास सांगतां येत नाहीं. आधीं किल्ल्या सांपडेनाशा होतात, मग घराकडे येण्याचा रस्ता, मग माणसांचीं नांवें. मुलगी दिवाळीस माहेरीं येते आणि सहज ठेवींच्या पावत्या पाहते, तों त्यांतील निम्म्या मोडलेल्या. "दादा, हे पैसे कशाला लागले?" पुतण्या सांगतो, औषधपाण्याला, रात्रीच्या परिचारिकेला, घराच्या दुरुस्तीला. हिशेब? तो काकांना वेळोवेळीं सांगितला होता. काका तर मुलीलाच "आपण कोण?" असें विचारीत आहेत.

येथें पुतण्या लबाड आहे असें गृहीत धरण्याचें कारण नाहीं. तो सर्वस्वीं प्रामाणिक असूं शकेल, आणि खरोखरच परिचारिकेचे पैसे त्यानेंच भागविले असतील. या प्रसंगाची मेख हीच आहे कीं, तो लबाड असेल तर तें उघडकीस येण्यास मार्ग नाहीं, आणि तो प्रामाणिक असेल तर तें सिद्ध करण्यास त्याच्यापाशींहि साधन नाहीं. कायद्यानें दोघांनाहि वाऱ्यावर सोडलें आहे.

तें कसें, हें पाहण्यासाठीं दोन जुने कायदे उघडले पाहिजेत. एक सन १८७२ चा कराराचा कायदा व दुसरा सन १८८२ चा मुखत्यारपत्रांचा कायदा. दुसरा इतका आंखूड आहे कीं चहा निवेपर्यंत वाचून होईल. मुखत्यार आणि धनी यांच्या नात्याचा खरा विचार पहिल्यांत आहे. त्याचें २०१ वें कलम सांगतें कीं, धनी मरण पावला किंवा त्याची बुद्धि भ्रष्ट झाली, म्हणजे मुखत्याराचा अधिकार संपतो. वरवर पाहतां हें न्याय्य वाटतें. मुखत्यार हा धन्याचा हात. डोकेंच चालेनासें झाल्यावर हातानें कोणाच्या हुकुमानें चालावें? व्यापारी पेढीच्या अडत्यास लावलेला हा नियम व्यापारापुरता शहाणपणाचाच होता. पण म्हातारा मनुष्य मुखत्यारपत्र करतो तें कशासाठीं? आपलें डोकें चालेनासें होईल त्या दिवसाच्या तरतुदीसाठीं! छत्री विकत घ्यावी आणि पावसाचा पहिला थेंब पडतांच ती आपोआप मिटावी, असा हा प्रकार आहे.

याला अपवाद नाहीं असें नव्हे. तो पुढल्याच, म्हणजे २०२ व्या, कलमांत आहे. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतींत गुंतलेला असेल, उदाहरणार्थ जमीन विकून त्यानें आपलें येणें वसूल करून घ्यावें असें ठरलें असेल, तर धन्याच्या बुद्धिभ्रंशानेंहि अधिकार संपत नाहीं. म्हणजे सावकाराच्या हितासाठीं मुखत्यारपत्र धन्याच्या बुद्धीमागेंहि जिवंत राहूं शकतें; स्वतः धन्याच्या हितासाठीं तें जिवंत ठेवण्याची सोय मात्र नाहीं.

असें असतां प्रत्यक्षांत काय घडतें? कागद मेलेला असतो, पण तो चालत राहतो. बँकेच्या खिडकीवरील कारकुनास काकांची स्मृति गेल्याचें कळण्यास मार्ग नाहीं. १८८२ च्या कायद्याचें तिसरें कलम, धन्याच्या मृत्यूची किंवा बुद्धिभ्रंशाची वार्ता नसतां प्रामाणिकपणें जो व्यवहार करील, त्याच्यावर जबाबदारी येऊं देत नाहीं. आणि तेंहि योग्यच आहे, नाहीं तर मुखत्याराशीं कोणी व्यवहारच करणार नाहीं. महाराष्ट्रांत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मुखत्यार दस्त नोंदविण्यास जातो, तेव्हां त्याच्याकडून एक घोषणापत्र लिहून घेतात: मुखत्यारपत्र रद्द झालेलें नाहीं, लिहून देणारा मयत झालेला नाहीं, किंवा अन्य कोणत्याहि कारणानें तें रद्दबातल ठरलेलें नाहीं. बुद्धिभ्रंश हा त्या "अन्य कारणां"तच शोधावयाचा. आणि हें सर्व सांगणारा कोण? मुखत्यार स्वतः.

हिशेबाची गोष्टहि अशीच आहे. कराराच्या कायद्याच्या २१३ व्या कलमाप्रमाणें मुखत्यारानें धन्यास हिशेब दिलाच पाहिजे, मात्र तो धन्यानें मागितल्यावर. ज्याला कालचें जेवण आठवत नाहीं त्यानें हिशेब मागावा तरी कसा? त्याच्या हयातींत मुलीनें मागितला, तर ती करारांत तिऱ्हाईत ठरते. बाप वारल्यावर वारस म्हणून तिला विचारतां येईल. पण ज्याचा पैसा होता त्याला तोंवर परिचारिकेची किंवा चांगल्या इस्पितळाची गरज उरलेली नसते.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता नाहीं. साठ वर्षांवरील भारतीयांच्या स्मृतिभ्रंशाविषयीं एका मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें हें प्रमाण शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसें, इतकें आहे. लहान कुटुंबें, दूरदेशीं गेलेलीं मुलें आणि वाढतें आयुष्य यांमुळें मुखत्याराची गरज वाढतच जाणार.

कोणी म्हणेल, मुखत्यारपत्र संपलें तर संपलें, न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घ्यावा. पूर्वी तसें करतां येई, आणि येथेंच अलीकडील कायद्यानें एक विलक्षण पोकळी करून ठेविली आहे. १८५८ पासून अशा माणसांच्या मिळकतीच्या व्यवस्थेचे कायदे या देशांत होते. १९१२ चा कायदा व त्याच्या जागीं आलेला १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा या दोहोंतहि जिल्हा न्यायालयानें चौकशी करून मिळकतीवर व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्या व्यवस्थापकास मालमत्तेची यादी आणि दर वर्षाचा हिशेब न्यायालयापुढें ठेवावा लागे. २०१७ च्या नव्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें १९८७ चा कायदा रद्द केला. नवा कायदा अनेक बाबतींत उदार आहे. रुग्णास आपल्या उपचारांविषयीं आगाऊ सूचना लिहून ठेवतां येते, प्रतिनिधि नेमतां येतो. पण तो प्रतिनिधि उपचारांपुरता. मिळकतीचें प्रकरण नव्या कायद्यांत आलेंच नाहीं. जुनें घर पाडलें आणि नव्याच्या नकाशांत कोठीची खोली काढण्याचें राहून गेलें, असें झालें.

१९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अशा ठराविक अपंगत्वांपुरताच पालक नेमतो. म्हातारपणचा स्मृतिभ्रंश त्यांत बसत नाहीं. मग कुटुंबानें जावें कोठें? उच्च न्यायालयांत, राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखालीं. केरळच्या उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें, बेशुद्धावस्थेंत पडून राहिलेल्या रुग्णांसाठीं पालक कसा नेमावा याचे नियम स्वतःच घालून दिले, कारण कायद्यांत ते नव्हते. मुंबई उच्च न्यायालयानेंहि २०२० मध्यें शुद्ध हरपलेल्या एका पतीच्या पालकपदीं त्याच्या पत्नीची नेमणूक केली. न्यायालयांनीं हें माणुसकीचें काम केलें, यांत संशय नाहीं. परंतु पेन्शनच्या खात्यांतून औषधाचे पैसे काढण्यासाठीं साकोलीच्या किंवा मालवणच्या म्हातारीनें उच्च न्यायालयांत वकील उभा करावा, ही राज्याची व्यवस्था म्हणतां येणार नाहीं.

वृद्धांच्या रक्षणाचे म्हणून जे इतर आधार सांगतात तेहि तपासून पाहिले पाहिजेत. कराराच्या कायद्याचें १६ वें कलम अनुचित दबावाविषयीं आहे, आणि वय किंवा आजार यांमुळें ज्याची बुद्धि दुबळी झाली आहे त्याच्याशीं केलेला व्यवहार त्यांत स्पष्टपणें सांगितला आहे. व्यवहार डोळ्यांस खुपणारा असेल, तर दबाव नव्हता हें सिद्ध करण्याचा भार वरचढ पक्षावर येतो. कलम उत्तम आहे. मात्र तें दिवाणी दाव्यांत, म्हणजे वर्षानुवर्षांनीं, कामाला येतें. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा अधिक जलद आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, त्याच्या २३ व्या कलमान्वयें परत मिळवितां येते, आणि तेंहि प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें. पण हें कलम वृद्धानें करून दिलेल्या हस्तांतराला लागतें. मुखत्यारानें महिन्यामहिन्याला खात्यांतून उपसलेल्या पैशाला तें कसें लागावें? सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या गाजलेल्या निकालानें मुखत्यारपत्राच्या आधारें घरें विकण्याचा चोरटा धंदा बंद केला. परंतु नातलगाला दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्रास त्यानें हात लावला नाहीं. उलट पति, पत्नी, मुलें, भावंडें यांना असें पत्र देतां येतें हें आवर्जून सांगितलें. अर्थात् आमचे शिक्षक जेथें होते तेथेंच राहिले.

ज्या इंग्रजांनीं हे कायदे येथें आणले त्यांनीं आपल्या घरीं ते केव्हांच बदलले. १९८५ मध्यें त्यांनीं बुद्धिभ्रंशानंतरहि टिकणारें मुखत्यारपत्र मान्य केलें. पण धन्याची बुद्धि मंदावूं लागली म्हणजे मुखत्यारानेंच तें नोंदवावें, असा त्यांत नियम होता, आणि ज्याला लपवावयाचें आहे तो नोंदवील कशाला? तेव्हां २००५ च्या कायद्यानें तो प्रकार काढून नवें टिकाऊ मुखत्यारपत्र आणलें. तें २००७ पासून चालूं झालें. तें आधीं सरकारी पालक-कचेरींत नोंदविल्यावांचून वापरतांच येत नाहीं. देणाऱ्यास त्याचा अर्थ कळतो आणि त्याच्यावर कोणाचा दबाव नाहीं, असा दाखला एका स्वतंत्र माणसानें द्यावा लागतो. मुखत्यारास धन्याच्या पैशांतून भेटी देतां येतात त्या लग्न, वाढदिवस अशा रूढ प्रसंगीं आणि ऐपतीला शोभतील एवढ्याच. तक्रार आली तर ती कचेरी चौकशी करते. आणखी एक तत्त्व त्या कायद्यानें घातलें आहे, तें आपल्याकडील कर्त्या मुलांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे: एखाद्यानें शहाणपणाचा नसलेला निर्णय घेतला, एवढ्यावरून तो निर्णयास असमर्थ ठरत नाहीं. म्हाताऱ्या आईनें मोलकरणीच्या मुलीच्या शिक्षणाला हजारों रुपये दिले, तर तिला समजत नाहीं असें नव्हे. कदाचित् तिलाच समजतें.

तरीहि तेथें सर्व आलबेल नाहीं. त्या विषयाच्या खास न्यायालयांत वरिष्ठ न्यायाधीश राहिलेले डेंझिल लश यांनीं निवृत्तीनंतर, २०१७ मध्यें, रेडिओवरूनच लोकांस इशारा दिला कीं असलें मुखत्यारपत्र आपण स्वतः कधींहि करून देणार नाहीं. त्यांचा आक्षेप नेमका हिशेबाच्या जागीं होता. न्यायालयानें नेमलेल्या माणसास जामीन द्यावा लागतो, दर वर्षीं हिशेब द्यावा लागतो; मुखत्यारास यांपैकीं कांहींच नाहीं, आणि या अपारदर्शकपणामुळें भावंडांत संशय माजतो. म्हणजे इंग्लंडनें दार बसविलें, पण खिडकी ठेवली नाहीं. अमेरिकेंत राज्यांसाठीं २००६ मध्यें जो नमुन्याचा कायदा तयार झाला, त्यांत बक्षीस देणें, वारसाचें नांव बदलणें असे घातक अधिकार नुसत्या सर्वसाधारण शब्दांनीं मिळत नाहींत, ते एकेक करून स्पष्ट लिहावे लागतात; आणि मुखत्याराच्या वर्तनाची तपासणी न्यायालयाकडे मागण्याचा हक्क पति-पत्नी, मुलें इत्यादिकांसहि आहे.

भारतांत सुधारणा व्हावयाची तर ती या सर्वांपासून शिकून व्हावी. बुद्धिभ्रंशानंतरहि टिकेल असें मुखत्यारपत्र कायद्यानें मान्य करावें, मात्र तसें त्यांत स्वच्छ लिहिलेलें असेल तरच. सही होण्यापूर्वी निबंधकानें किंवा एखाद्या स्वतंत्र डॉक्टर-वकिलानें त्या वृद्धाशीं एकट्याशीं बोलावें. होणारा मुखत्यार त्या वेळीं खोलीच्या बाहेर असावा. हें लहानसें कलम वाटेल, पण दहा शिक्क्यांहून तें अधिक काम करील. घरीं जाण्याची अडचणहि सांगतां येणार नाहीं, कारण जो दुखण्यामुळें कचेरींत येऊं शकत नाहीं त्याच्या घरीं जाण्याची मुभा १९०८ च्या नोंदणी कायद्यानें अधिकाऱ्यास दिलीच आहे. बक्षीस आणि राहत्या घराची विक्री हे अधिकार वेगळे लिहिल्यावांचून मिळूं नयेत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, पत्रांतच एका तिसऱ्या माणसाचें नांव असावें, ज्याला मुखत्यारानें दर वर्षीं हिशेब द्यावा. आमच्या गोष्टींतील मुलगी ती तिसरी व्यक्ति असती, तर पुतण्यानें पहिल्या दिवसापासून वही ठेविली असती. हिशेब न मिळाल्यास तक्रार ऐकण्यास नवीन न्यायालय उभारण्याचीहि गरज नाहीं. २००७ च्या कायद्याखालील न्यायाधिकरण प्रत्येक प्रांताधिकाऱ्याच्या कचेरींत आहेच.

यावर ठरलेला आक्षेप असा कीं, घरच्या माणसावर हा अविश्वास होय. वीस बिऱ्हाडांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याच्या आणि जिन्याच्या दिव्याच्या खर्चाची दर वर्षीं तपासणी होते आणि त्यांत चिटणिसाला अपमान वाटत नाहीं. एका माणसाच्या सबंध आयुष्याच्या कमाईला तेवढीहि तपासणी नको, असें म्हणणें विचित्र आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. नोंदणी, दाखला आणि हिशेब यांचें ओझें जर गरीब विधवेवर पडलें, तर ती पुन्हां नोटरीच्या टेबलाकडेच जाईल. तेव्हां फी नांवापुरती ठेवणें ही या सुधारणेची पहिली अट मानली पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत जें आजहि करतां येतें, तें पुष्कळांस माहीत नसतें. नुसतें पेन्शन काढण्यासाठीं कुलमुखत्यारपत्र देण्याचें कारण नाहीं. ज्याला सही करतां येत नाहीं अशा आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांपैकीं एक बँकेचा जबाबदार अधिकारी, घेऊन पैसे देण्याची रीत बँकांना घालून दिलेली आहे, आणि सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोंच सेवा द्यावी असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ मध्यें बँकांस कळविलें आहे. पत्र द्यावेंच लागलें तर तें एका कामापुरतें, एका मुदतीपुरतें असावें. मुखत्यार दोन नेमून दोघांनीं मिळूनच सही करावी असें लिहितां येतें. १८८२ च्या त्या आंखूड कायद्याचें चौथें कलम तर विसरलेल्या पेटीसारखें आहे: मुखत्यारपत्र प्रतिज्ञालेखासह उच्च न्यायालयांत किंवा जिल्हा न्यायालयांत ठेवून देतां येतें, आणि तेथील दप्तर कोणालाहि पाहतां येतें. सार्वजनिक नोंदीची कल्पना त्या कायदा करणारांस सुचली होती. त्यांनीं ती ऐच्छिक ठेवली, आणि आज त्या वाटेनें फारसें कोणी जात नाहीं.

शेवटीं रद्द करण्याविषयीं. बुद्धि शाबूत आहे तोंवर मुखत्यारपत्र केव्हांहि रद्द करतां येतें, परंतु घरांत बसून फाडलेला कागद बाहेर जिवंतच राहतो. २०८ व्या कलमाप्रमाणें, मुखत्याराला कळल्यावर तें त्याच्यापुरतें संपतें, आणि तिऱ्हाइतांना कळल्यावर तिऱ्हाइतांपुरतें. तेव्हां रद्द केल्याचें लेखी पत्र मुखत्यारास पोंच मिळेल अशा टपालानें पाठवावें. त्याच्या प्रती प्रत्येक बँकेस, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसास आणि जेथें पत्र नोंदविलें असेल त्या दुय्यम निबंधकास द्याव्या, आणि प्रत्येकाकडून तारखेसह पोंच घ्यावी. मूळ कागद परत मागून घ्यावा. मिळाला नाहीं, तर तो मिळाला नाहीं हेंहि त्या पत्रांत लिहावें.